कोंबड्यांची हळद

बाबा,

दुपार आहे. सकाळी उपाशीपोटी आलेले पेशंट आटोपले, डॉक्टर जेवायला घरी गेले, आणि मी मागच्या खोलीत सुया-नळ्यांच्या पसाऱ्यात बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलायचं तर आधी कोण कुठं आहे हे सांगावं लागतं. मी होते तिथंच आहे, वाशीमला, याच लॅबमध्ये. दिवसभर लोकांना "मूठ आवळा, आता सोडा" म्हणते. रक्त काढून काढून थकले म्हटलं तर लोक हसतात, पण थकले आहे खरी, आणि या वेळी कारण लॅबचं नाही. धाकट्याचं लग्न झालं. कोंबड्यांचं शेड त्यानं चालू ठेवलं, थोडं वाढवलंसुद्धा. अजूनही ते कोणत्या कंपनीचं नाही, आपलं स्वतःचं आहे, खाद्यही घरीच कालवतात. त्याची बायको, म्हणजे तुमची सून, तुम्ही पाहिली नाही. तिनंही तुम्हाला भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं. जे सांगायचं आहे ते तिच्याबद्दल आहे, पण सुरुवात तुमच्यापासून करावी लागते.

शेड नवीन होतं तेव्हा आपल्या ब्रॉयलर कोंबड्यांचे तुरे फिके असायचे, पाय पांढुरके. जरा ऊन तापलं की माना टाकायच्या. गुरांचे डॉक्टर टॉनिक लिहून द्यायचे. तुम्ही कुठून तरी ऐकून आलात की हळद, शेवग्याचा पाला आणि गुळवेल वाळवून खाद्यात कालवली की कोंबडीचं रक्त सुधारतं. कुठून ऐकलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. शेडच्या मधात जाळी मारली, अलीकडच्या कोंबड्यांना हळद-पाल्याचं खाद्य, पलीकडच्यांना साधं. आणि एक दिवस, लॅब पेशंटनं गच्च भरलेली असताना, तुम्ही मंगरूळच्या गाडीनं आलात. हातात कापडी थैली, आणि थैलीतून दोन माना बाहेर. एका बाईच्या मांडीवरचं पोरगं किंचाळलं. आमचे डॉक्टर काचेच्या दारातून डोकावून म्हणाले, "हे काय आहे?" तुम्ही हात जोडून म्हणालात, "दोन पेशंट आणले, डॉक्टरसाहेब." मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

तुम्हाला ओढत याच खोलीत आणलं. मी म्हणते आहे, "बाबा, ही माणसाची लॅब आहे," आणि तुम्ही थैलीची गाठ सोडता आहात. "अवं, रक्त थे रक्तच. इचं काढ अन् इचंबी काढ. कोनाचं चांगलं हाय थे सांग मले." पंखाखालच्या शिरेतून मी दोघींचं रक्त काढलं, तुम्ही त्यांना बाळंतिणीसारखं धरून होतात. मशीननं भलतेच आकडे दिले, कारण कोंबडीच्या तांबड्या पेशीत मधोमध बी, म्हणजे केंद्रक, असतं, आपल्या पेशीत नसतं, आणि ते पाहून मशीन गांगरतं. मग मी फडताळातली जुनी काचेची नळी काढली, तीत थेंब थेंब पाणी घालून रंगाशी रंग जुळवत हिमोग्लोबिन पाहिलं. हळदवालीचं किंचित जास्त निघालं. म्हणजे इतकं किंचित, की मी दुपारी जेवून पाहिलं असतं तर उलटंही निघालं असतं. मी म्हटलं, "एका कोंबडीवरून काही ठरत नाही, बाबा." तुम्ही लगेच, "मंग किती आणू?" निघताना बिनहळदीची कोंबडी डॉक्टरांना भेट देऊन गेलात, आणि हळदीची परत नेलीत. डॉक्टरांनी ती आवडीनं खाल्ली. त्यानंतर तुम्ही थैली घेऊन आलात की ते स्वतः उठून दार उघडायचे.

तसे तुम्ही बरेचदा आलात. कधी हळदीच्या कोंबड्यांचं रक्त सरस निघायचं, कधी दोन्ही सारखीच. सारखी निघाली की तुम्ही तोंड पाडायचात आणि शेवग्याचा पाला वाढवायचात. खरं म्हणजे त्यातून काय सिद्ध झालं ते मला आजही सांगता येणार नाही. तुमच्या कोंबड्या उन्हाळ्यात कमी मरायला लागल्या हे मात्र सगळ्या गावानं पाहिलं. ते हळदीमुळे, की हळदीच्या नादानं तुम्ही दिवसातून चारदा शेडमध्ये जायला लागलात, पाणी बदलायला लागलात, पोत्यातली बुरशी लागलेली मका फेकायला लागलात म्हणून, ते देव जाणे. गावात लोक तुम्हाला हळदवाले म्हणू लागले. तुम्हाला ते आवडायचं, पण चेहरा असा ठेवायचात की जसं काही ऐकूच आलं नाही.

धाकट्यानं हे सगळं पाहिलं नाही, बाबा. तो होस्टेलवर होता. हळद लावायची वेळ आणि त्याचं होस्टेल उघडायची वेळ एकच. दिवाळीत यायचा तेव्हा त्याच्या वाट्याला तयार कौतुक यायचं. त्यानं आपल्या मनात तुमचा देव करून ठेवला. नंतर तुम्ही आजारी पडलात, वावरातली हळद बंद झाली, आणि तो परत हळद लावायला लागला तोपर्यंत तुम्ही नव्हता. बायकोला त्यानं पहिल्या दिवसापासून हेच सांगितलं असणार. "माह्ये बाबा घरची हळद दळून कोंबड्यांले घालत. घरची. बजारची नाई." बाबा असं करत, बाबा तसं करत. आता एवढ्या मोठ्या सासऱ्याची सून म्हणून नांदायचं म्हणजे काही सोपं नाही. ती बिचारी आल्या आल्या शेवग्याचा पाला सावलीत वाळवायला शिकली, गुळवेल निंबावरचीच हवी म्हणून शिवार पालथं घालायची. मला फोन करून विचारायची, "ताई, बाबा पाला चाळून घेत का तसाच?" मला आठवायचं नाही. मी म्हणायची, "चाळून घे."

या वर्षी आखाडासाठी माल काढायचा होता. आखाडात आपल्याकडे कोंबडीला किती मागणी असते ते तुम्हाला सांगायला नको, मंगरूळचे व्यापारी आधीच सांगून गेले होते, आणि श्रावण लागला की मग कोणी विचारत नाही. पिल्लं आणली, आणि तेवढ्यातच हळदीची लागवड आणि सोयाबीनची पेरणी एका पाठोपाठ एक आली. धाकटा झुंजरुकपासून दिवेलागणीपर्यंत वावरात. शेड तिच्या एकटीच्या अंगावर. घरातली दळलेली हळद संपली. विकत आणावी तर नवरा म्हणतो बजारची नाही. आणि अंगणात, डोळ्यासमोर, लावून उरलेलं हळदीचं बेणं, लागवडीचे कंद, पडलेलं. घरचं. तिनं ते तीन पाण्यानं धुतलं, चिरून पत्र्यावर कडक वाळवलं, दळलं आणि खाद्यात कालवलं. लावायच्या आधी ते बेणं किडीच्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण तीन पाणी झाल्यावर काय राहते, असं तिला वाटलं. आपल्या बायका भाजी तशीच धुतात, आणि आपण सगळे ती खाऊन जिवंत आहोत.

मला धाकट्याचा फोन आला तेव्हा तो नीट बोलत नव्हता. "ताई, ये. कोंबड्या पडून राहिल्या." मी जुनी नळी पर्समध्ये टाकली आणि निघाले. शेडमध्ये पाय ठेवला तर सगळीकडे कोंबड्या. पंख पसरून पडलेल्या, चोचीतून लाळ, पाय थरथरताहेत. काही आधीच ताठ झालेल्या. तुमची सून पदरानं तोंड झाकून त्यांना पाणी पाजत फिरत होती. मी सवयीनं तीन-चार कोंबड्यांचं रक्त काढलं, तिथंच उंबऱ्यावर बसून नळीत रंग जुळवला. चांगलं होतं, बाबा. मरायला टेकलेल्या कोंबड्यांचं हिमोग्लोबिन चांगलं होतं. तुम्ही आणलेल्या कोणत्याही कोंबडीपेक्षा चांगलं. नळी पुसून पुन्हा पाहिलं, तेच. तेवढ्यात गुरांचे डॉक्टर आले, पाहिल्याबरोबर म्हणाले, "हे विष आहे, आजार नाही. खाद्य बंद करा आधी." मग आम्ही एकेक पोतं उघडत गेलो. मका ठीक, पेंड ठीक. हळदीच्या डब्यात मी नाक घातलं, आणि हळदीच्या वासाखाली दुसरा वास आला.

"ही हळद कुठली?" मी विचारलं. "घरचीच, ताई. बेण्यातली उरली व्हती. तीन पान्यानं धुतली म्या." ती अगदी सरळ बोलली. बोलून झाल्यावर तिला कळलं. मी तिचा चेहरा पाहत होते, कळताना पाहिला. धाकटा मागेच उभा होता. त्यानं हात उचलला नाही, तेवढं तुमचं पोरगं आहे. पण तो जे बोलला त्यापेक्षा एक थप्पड बरी. "बाबानं उभ्या जन्मात जे नाव कमावलं थे तूनं धुऊन टाकलं," म्हणाला. आणि मग जो सुरू झाला तो थांबेना. डॉक्टर खाली मान घालून इंजेक्शनं भरत राहिले. काही कोंबड्या वाचल्या, पण त्या विकायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं. बाकीच्यांसाठी वावराच्या कडेला खड्डा खणला, चुना टाकून बुजवला. तिनं स्वतः टोपल्या वाहिल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी थांबवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. तुमची बहीण तुम्हाला माहीत आहे, आग कुठं लागली हे तिला धुराच्या आधी कळतं. ओसरीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माह्या भावाच्या हातानं हळद दिली तं कोंबड्या जगे. इच्या हातानं दिली तं मेल्या. हळद तेच, घर तेच. मंग बदललं काय? पायगुण!" एक शब्द, बाबा, पण आपल्याकडे तो एकदा चिकटला की बाई मरेपर्यंत सुटत नाही. उद्या म्हैस आटली तरी तोच, घरात कोणी आजारी पडलं तरी तोच. मी आत्याला म्हटलं, "आत्या, गप बस." ती म्हणाली, "तुले काय जाते? तू वाशीमले." आणि धाकटा ऐकून गप्प राहिला. त्याचं ते गप्प राहणं तिनं चुलीपाशी बसून ऐकलं.

मी स्वयंपाकघरात गेले तर चूल थंड. कणीक भिजवून तशीच परातीत वाळत पडलेली. ती भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. मी म्हटलं, "ऊठ, चार पोळ्या टाकू." ती म्हणाली, "ताई, माह्या हातचं नका खाऊ. माह्या हाताले विष हाय." मी हसण्यावारी न्यायला गेले, "येडी हाय का बापा तू," पण ती हसली नाही. दोन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. माहेरी फोन करू का विचारलं तर म्हणाली, "नको. थे बी म्हनतीन, काय केलं तूनं." मी रोज माणसांचे हात हातात घेते, बाबा. कोणाची शीर सापडते, कोणाची नाही. तिचा हात मी ओढून हातात घेतला तर तो गार होता आणि तिनं तो हळूच काढून घेतला. तेव्हा मला भीती वाटली. आपल्या गावात विहिरी आहेत, आणि घरात ते बेण्याचं औषध अजून अर्धी बाटली होतं. मी ती बाटली शोधली, पर्समध्ये घातली, आणि बाहेर ओसरीवर येऊन बसले.

संध्याकाळी तिथं धाकटा होता, आत्या होती, आणि ती दाराच्या आत. मी म्हटलं, "बाबाबी असंच करत व्हते."

"काय करत व्हते?" धाकट्यानं विचारलं.

"उरलेलं बेनं धुवून, वाळवून दळत. कोंबड्यांले तेच घालत. म्या पाह्यलं हाय. तू व्हता होस्टेलवर."

आत्या फणकारली, "मेलेल्या मानसाले नाव ठेवतं काय वं?" मी म्हटलं, "नाव नाई ठेवत. जे व्हतं थे सांगून राह्यली. तवा औषध सौम्य व्हतं, म्हून त्याईचं निभलं. आता औषध जहरी झालं, इचं नाई निभलं. यात कोनाचा पायगुण आला? रीत आपल्याच घरची हाय." माझा आवाज इतका शांत होता की मलाच नवल वाटलं. आत्या तोंडात मिसरी लावून बसली. धाकट्यानं दाराच्या आत पाहिलं. मग म्हणाला, "मंग बाबाच चुकले." आणि थोड्या वेळानं, लहान असताना म्हणायचा तसं, "मले काहून नाई सांगतलं कोनी?"

सकाळी चुलीचा धूर आला. तिनं चहा केला, आधी आत्याला दिला, मग आम्हाला, आणि मग स्वतः बशीत ओतून प्याली. धाकटा तिच्याजवळ जाऊन बसला, काही तरी पुटपुटला, तिनं मान हलवली. मी निघताना ती फाट्यापर्यंत आली. विचारलं, "ताई, खरंच बाबा असं करत?" मी म्हटलं, "हो." गाडी येईपर्यंत ती रडत होती, पण ते रडणं वेगळं होतं, पोटातलं उतरल्यासारखं.

खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. कोंबड्यांची हळद तुम्ही वेगळी शिजवायचात, वाळवायचात, आणि उरलेलं बेणं धुऱ्यावर, वावराच्या बांधापाशी, खोल खड्ड्यात गाडायचात. परकरात होते, शेड अजून नव्हतं, तेव्हा मी तसल्या बेण्यातलं एक कांडं उचललं होतं. तुम्ही हातावर अशी चापट दिलीत की बोटं सुजली, आणि मग तोच हात राखेनं आणि साबणानं किती वेळा धुतलात. मी रडत रडत विचारलं, "कायले?" तुम्ही म्हणालात, "सांगतलं तेवढं आयक." बस. कायले, ते सांगितलंच नाही. हळद घाला हे साऱ्या गावाला सांगितलंत, कोणती घालू नका हे कोणालाच नाही. मलाही ते मोठं झाल्यावर कळलं, आणि मला वाटलं धाकट्याला कळलंच असेल. त्याला वाटलं बायकोला कळलंच असेल. आपल्या घरात असंच चालतं, करायचं काय ते मोठ्यानं सांगतात आणि कारण पोटात ठेवून मरतात. म्हणून मी बोलले ते सगळंच खोटं होतं असं मला वाटत नाही.

किंमत लागली, नाही असं नाही. धाकटा आता "बाबा असं करत" म्हणत नाही. परवा कोणाला तरी सांगत होता, "बाबाची रीत सोडली आमी, थे बरोबर नव्हती." साधं, तक्रार नसल्यासारखं. मी फोन कानाला लावून ते ऐकलं. एवढ्या मोठ्या माणसाला मी त्याच्या पोराच्या मनातून एका वाक्यात खाली उतरवलं. पण तुम्हाला आता कोणी उपाशी ठेवणार नाही, बाबा, तुमच्या पायगुणाबद्दल कोणी बोलणार नाही. तुम्हाला ते पेलतं. तिला पेललं नसतं.

हा कागद घरी न्यायचा नाही. धाकट्याच्या हाती पडला तर सगळं मुसळ केरात. वापरलेल्या सुयांचा डबा आहे इथं, तो कोणी उघडत नाही, तसाच जाळायला जातो, त्यात टाकीन. डॉक्टरांच्या गाडीचा आवाज आला, आता उठायला हवं. एकच कबूल करते. त्या संध्याकाळी तुमचं नाव घेतलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, मी वाट पाहिली, पण नाही वाटलं. उलट त्या चापटीनंतर पहिल्यांदा तुमच्याशी भांडल्यासारखं मोकळं वाटलं. आता कोणीही विचारलं, कधीही विचारलं, तरी मी हेच सांगीन. तुमी मधात बोलू नका.